समाराधनेची मक्याची भाजी

श्रावणातली समाराधना, फोंड्याकडच्या एका देवळाचं सभागृह, पानं दीडशे. वरण-भात, खतखतें (मिश्र भाज्यांचं गोव्याकडचं कालवण), पुऱ्या, मणगणें (हरभऱ्याच्या डाळीची खीर) आणि सुकी भाजी मक्याची. कांदा-लसूण न घालताही जिची चव उणी पडत नाही अशी ही भाजी, म्हणून मोठ्या पंगतीला मी ती आवर्जून सुचवतो. माणशी 60 ग्रॅम धरले तर 9 किलो दाणे लागतात. मध्यम कणसाचे साधारण 100 ग्रॅम निघतात, म्हणून 100 कणसं मागवली होती.

सकाळी पोती सोडली तर बेळगावहून आलेल्या मालात स्वीट कॉर्नमध्ये जून कणसं मिसळलेली. वरचं पान सगळ्यांचं सारखंच हिरवं. अशा वेळी प्रत्येक कणीस थोडं सोलून मधल्या दाण्यात नख रुतवायचं. पातळ पांढरा चीक उडाला तर कोवळं. पिठूळ लगदा आला किंवा नखच शिरेना, तर जून. तोडल्यावर दाण्यातली साखर पिष्टात बदलत जाते आणि उष्णतेने ते लवकर होतं, त्यामुळे गच्च भरलेल्या पोत्याच्या पोटातली कणसं आधी तपासावीत.

हाताखालचा पोरगा म्हणाला, "मामा, सगळी एकदमच उकडूया, जरा जास्त वेळ ठेवू." तेच करायचं नाही. जून दाणा मऊ व्हायची वाट बघेपर्यंत कोवळा सुरकुततो, आणि जून तरीही चिवटच राहतो. निवडून पस्तीसेक बाजूला काढली. त्यांचे दोन-दोन बोटांचे तुकडे करून कुकरला लावले आणि खतखत्यात घातले. तूरडाळ, तिरफळं आणि गुळाच्या रसात असा मका उलट चांगला लागतो, कारण तो विरघळत नाही.

कोवळी कणसं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, बस्स. आधी उकडून, निववून मग दाणे काढले की चीक पातेलीत वाया जात नाही. कणीस परातीत उभं धरून सुरी वरून खाली ओढावी. फार खोल गेली तर बुरकुंडाचा, म्हणजे कणसाच्या मधल्या दांड्याचा, कोंडा येतो आणि तो दातांत अडकतो. हे साडेसहा किलो झाले. उरलेले अडीच किलो गोठवलेले दाणे बाजारातून आणले. ते आधीच वाफवलेले असतात, पुन्हा उकडायचे नाहीत. चाळणीत वितळू देऊन पाणी पूर्ण निथळायचं.

भाजी बिघडते ती पाण्यामुळे. सगळे दाणे एका खोल टोपात घातले तर खालचे वाफेत शिजतात आणि लगदा होतो. दोन पसरट लंगड्या घेतल्या. प्रत्येकीत 200 मिली खोबरेल, 25 ग्रॅम मोहरी, चमचाभर हिंग, मूठभर कढीपत्ता, 75 ग्रॅम उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, दोन चमचे हळद. मिरची नेहमीपेक्षा जास्त वाटेल, पण गोड मक्यापुढे ती लागतेच. मग ताजे दाणे, मोठ्या आचेवर झाऱ्याने परतत सहा-सात मिनिटं. गोठवलेले शेवटच्या तीन मिनिटांत. मीठ एका लंगडीला 55 ग्रॅम, तेही शेवटी.

आरती लांबली. अशा वेळी खोबरं आधी घातलेलं नसणं फार मोलाचं. श्रावणातल्या दमट उकाड्यात गरम भाजीत मिसळलेली ताजी सोय, म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, दोन-तीन तासांत आंबू लागते. लंगड्या मंद निखाऱ्यावर ठेवल्या, वर झाकण न घालता कोरडं मलमलचं कापड टाकलं, कारण झाकणाखाली साठलेलं वाफेचं पाणी परत भाजीतच गळतं.

पानं मांडायला घेतली तेव्हा सहा नारळांची सोय, कोथिंबीर आणि पंधरा लिंबांचा रस तयार होता. एकेका बालदीत भाजी काढायची, त्यातच हे मिसळायचं आणि वाढप्याच्या हाती द्यायची. लिंबू आचेवर कधी पिळू नये, कडवटपणा येतो. शेवटच्या पंगतीनंतर उरलेली बिनखोबऱ्याची भाजी पसरून निववली आणि फ्रिजमध्ये गेली.