पेरभातातलं तणभात आणि इमाझेथापायर

तणभात ही भाताचीच जात, त्यामुळे भाताला सोसणारं तणनाशक त्यालाही सोसतं. ही अडचण सोडवायला २००२ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत क्लिअरफिल्ड भात आला. इमाझेथापायर हे तणनाशक वनस्पतीतल्या अमिनो आम्लं बनवणाऱ्या ज्या एएलएस विकरावर मारा करतं, त्याच्या जनुकात बदल झालेला हा भात, म्हणून तो फवारणीतून वाचतो. परकं जनुक त्यात नाही. आपल्याकडच्या पुसा बासमती १९७९ आणि १९८५ या वाणांतही हीच सहनशक्ती आहे.

धोका परागाचा. भातात परपरागण जेमतेम एक टक्क्याच्या आत, पण फवारणीतून वाचलेलं तणभात आणि पीक एकाच वेळी फुलोऱ्यात आलं की तेवढं पुरतं. संकर झालेलं बी कापणीआधीच झडतं, जमिनीत सुप्त राहतं आणि पुढे त्याच औषधाला दाद देत नाही. अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात काही वर्षांतच हे दिसलं.

म्हणून असा सहनशील वाण त्याच शेतात सलग घेऊ नये. पेरणीआधी ओलीत करा, दहा-पंधरा दिवसांत उगवलेलं तण उथळ कुळवून मारा; खोल नांगरलात तर गाडलेलं बी वर येतं. पेरणी ओळीतच हवी, दोन ओळींमधलं भात मग बिनधास्त उपटता येतं. उरलेली उंच, फिकट रोपं निसवण्याआधी काढा. मिठाच्या पाण्याने फक्त पोचट दाणे तरंगतात, तणभाताचे भरलेले दाणे तळाशीच बसतात, तेव्हा बियाणं प्रमाणितच घ्या. आणि कापणी यंत्र शेतात शिरण्याआधी झाडून घ्या, तणभाताचं बी त्यातूनही येतं.