इझडिजिट ‘हो’ म्हणाले, तरी इंट अडले

मागच्या महिन्यात एका छोट्या वाचनालयाच्या वर्गणीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला. सभासद मोबाइलवरून रक्कम भरत आणि ती पूर्णांकात बदलण्यापूर्वी मजकुरात केवळ अंकच आहेत ना, हे मी इझडिजिट या पद्धतीने तपासत होतो. तरीही एका रात्री प्रोग्रॅम व्हॅल्यूएरर, म्हणजे मजकुराचे मूल्य चालत नसल्याची त्रुटी, देऊन बंद पडला. नोंद उघडली, तर रक्कम दोनशेच होती. मात्र त्यातला दोन हा वर्ग दाखवण्यासाठी वर लिहितात तसा बारीक होता. काही मोबाइल कीबोर्डांवर २ चे बटण जरा जास्त वेळ दाबले की तो उमटतो.

सर्व लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या वर्गवारीत हा बारीक दोनही ‘अंक’ असल्याने इझडिजिट त्याला होकार देते, पण मजकुराचा पूर्णांक करणारे इंट हे फंक्शन फक्त दशमान अंक, म्हणजे कोणत्याही लिपीतले शून्य ते नऊ हे साधे अंक, स्वीकारते. इझन्यूमरिक ही दुसरी तपासणी तर त्याहून सैल आहे, कारण तिला अर्ध्याचे चिन्हही चालते. इंटशी खरोखर जुळणारी तपासणी इझडेसिमल ही आहे. पण तीही पुरेशी नाही, कारण ऋण चिन्ह किंवा मागेपुढे एखादी मोकळी जागा असली की ती नकार देते आणि इंट मात्र तोच मजकूर बिनतक्रार बदलून देते.

म्हणून आधी विचारत बसण्यापेक्षा ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे चूक झालीच तर ती पकडणाऱ्या रचनेत, थेट रूपांतर करून पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. पायथन ३.६ पासून इंटला अंकांमधली अधोरेखाही चालते आणि ३.११ मध्ये ४३०० पेक्षा जास्त अंकांचा मजकूर मुळातच नाकारला जातो, कारण अतिशय लांब मजकुराच्या रूपांतराला इतका वेळ लागतो की त्याचा वापर सर्व्हर अडवून धरण्यासाठी करता येत असे. असे बारकावे आपल्या तपासणीत पुन्हा लिहीत बसणे व्यर्थ आहे.

देवनागरी अंकांबाबत मात्र निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. ‘१५०’ असा मराठी मजकूर इंट बरोबर वाचते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन त्यावर ‘नॅन’ (म्हणजे ‘ही संख्या नाही’) देते, म्हणजे एकाच रकमेबद्दल फॉर्म आणि सर्व्हर यांचे एकमत होत नाही. शिवाय तेच फंक्शन रिकाम्या मजकुराचे शून्य करते, त्यामुळे रक्कम न भरलेला सभासद शून्य रुपये भरलेला दिसू शकतो. बंगाली चार तर इंग्रजी आठसारखा दिसतो आणि एकाच रकमेत दोन लिप्यांचे अंक मिसळले तरी इंट काहीच बोलत नाही. मी इंग्रजी आणि देवनागरी अंक स्वीकारतो, मिसळ नाकारतो आणि त्यानंतर रक्कम मर्यादेत आहे का, ते पाहतो. पायथनच्या पूर्णांकाला कमाल मर्यादा नसली, तरी डेटाबेसमधला ३२ बिटांचा रकाना २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही.

सभासद क्रमांकाच्या रकान्याला मात्र मी हात लावत नाही. कार्डावर ‘००४७’ छापलेले असते, इंट त्याचे ४७ करते आणि मग तो क्रमांक कार्डाशी जुळत नाही.