तापवलं तर फुगलं

झिर्कोनियम टंगस्टेट बनवायचं म्हटलं की आमच्या प्रयोगशाळेत चेहरे पडतात. झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड, आणि टंगस्टन ऑक्साइड घोटायचं, १२०० अंशांना भाजायचं. टंगस्टन ऑक्साइड वाफ होऊन उडतं, म्हणून प्लॅटिनमच्या मुशीचं झाकण घट्ट हवं. हा पदार्थ स्थिर असतो साधारण ११०५ ते १२५७ अंशांमध्येच. सावकाश गार केलात तर मूळची दोन ऑक्साइडं परत हातात. म्हणून पिवळीधमक मूस चिमट्याने काढायची आणि थेट पाण्यात, म्हणजे त्याला मोडायला वेळच मिळत नाही. ही पकड ज्याला जमते त्याला आमच्याकडे कुणी विचारत नाही. कॉन्फरन्सला जातात ते आलेख काढणारे.

एवढा खटाटोप कशाला, तर हे तापवलं की आकसतं. दोन धातूंच्या मधला ऑक्सिजन आडवा हलतो आणि दोरीउड्यांची दोरी फिरवणाऱ्या मुली जवळ ओढल्या जाव्यात तसे दोन्ही धातू जवळ येतात. निरपेक्ष शून्याच्या जवळपासून जवळजवळ ७७७ अंशांपर्यंत हेच चालतं, हे १९९६ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये आर्थर स्लाइट यांच्या गटाने दाखवलं.

आमच्या ग्राहकाला हवा होता तांब्यासारखी उष्णता वाहून नेणारा, पण सिलिकॉनइतकाच कमी प्रसरणारा तुकडा. तांबं अंशाला दहा लाखात १७ भागांनी वाढतं, टंगस्टेट सुमारे ९ भागांनी घटतं. कागदावर बेरीज छान जमत होती. पावडर तांब्यात मिसळून गरम दाबली आणि तापवताना लांबीतला फरक मोजणाऱ्या डायलॅटोमीटरला लावली.

सुरुवातीपासूनच प्रसरण अपेक्षेपेक्षा जास्त. १२० अंशांच्या आसपास आलेखाने चक्क उसळी मारली, आणि गार होताना रेघ त्याच वाटेने परत येईना. साहेबांचं निदान ठरलेलं: "कॅलिब्रेशन बघा." मशीनमधून आवडता आकडा आला की ते कॅलिब्रेशनचं नाव काढत नाहीत. नीलमचा प्रमाणित नमुना लावला, बिनचूक निघाला.

एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहण्याच्या चाचणीत, उत्तर मिळालं. सुमारे ०.२ गिगापास्कल, म्हणजे दोनेक हजार वातावरणांचा दाब पडला की हा पदार्थ दुसऱ्या, सुमारे पाच टक्के दाट रूपात जातो, आणि त्या रूपाचं आकसणं नावापुरतं. दाब नसेल तर तापवल्यावर १२० अंशांजवळ ते परत मूळ रूपात येतं, म्हणून ती उसळी. पण दाब आला कुठून? गार होताना तांबं आकसतं, आतला कण फुगतो. ज्या गुणासाठी पावडर घातली, त्यानेच तिला चिरडलं.

यावर रसायनशास्त्राकडे तोडगा आहे. झिर्कोनियमच्या जागी हाफ्नियम घातलं की रूप बदलायला लागणारा दाब बराच वाढतो. टंगस्टनच्या जागी थोडं मॉलिब्डेनम घातलं तर १६० अंशांजवळचा दुसरा, दाबाशी संबंध नसलेला बदल खाली सरकतो. पण आमचं दुखणं ते नव्हे. हाफ्नियमची किंमत पाहून खरेदी विभागाने फाइल परत पाठवली. ग्राहक म्हणतो तांबं कमी करा. मग उष्णता काय पावडर वाहणार?

मला मात्र वेगळंच खटकतंय. हाफ्नियमने सरासरी ताण सोसला जाईलही. पण कणांच्या अणकुचीदार कोपऱ्यांवर किती ताण साचतो, याचं माझं समाधान करणारं गणित अजून कुणी मांडून दिलेलं नाही.