चटणीच्या पुडक्यावरचा शब्द

माझी भाची स्टुटगार्टला नोकरी करते. तिच्या शेजारी राहणाऱ्या आजींना द्यायला म्हणून मागच्या खेपेस मी पुण्याहून लसणाची चटणी नेली होती. काचेच्या बरणीत ती दाबून भरली, बरणी चकचकीत लाल कागदात गुंडाळली आणि वर फीत बांधली. त्या कागदावर सोनेरी रोमन अक्षरांत ‘गिफ्ट, गिफ्ट, गिफ्ट’ असे तिरक्या ओळींनी छापलेले होते. आजींनी पुडके हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवला, अक्षरे डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि त्या मनमुराद हसत सुटल्या. जर्मन भाषेत याच अक्षरांचा अर्थ ‘विष’ असा होतो, हे भाचीने माझ्या कानात सांगितले. “मावशी, आत चटणी आहे म्हटल्यावर ते अगदीच खोटंही नाही,” अशी पुस्तीही तिने जोडली.

तेव्हापासून या शब्दाने माझा पिच्छा पुरवला आहे. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ ही दोन्ही क्रियापदे ‘देणे’ या अर्थाची, आणि ‘गिफ्ट’ हे त्यांच्याच कुळातले नाम. जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ निखळ ‘देणे’, ‘दिलेली वस्तू’ असाच होता. त्या अर्थाची खूण आजच्या ‘मिटगिफ्ट’ या शब्दात शिल्लक आहे. ‘मिट’ म्हणजे सोबत. मुलीसोबत जे दिले जाई ते मिटगिफ्ट, म्हणजेच हुंडा. गंमत अशी की विष या अर्थाचा ‘गिफ्ट’ आजच्या जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे आणि हुंड्याच्या शब्दाने मात्र आपले जुने स्त्रीलिंग सोडलेले नाही. हुंड्याच्या पोटात विष दिसावे, यावर मी वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

देण्याचे विष झाले ते वैद्यांच्या वाटेने. ग्रीक वैद्य औषधाच्या एका वेळच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत, आणि त्याचाही शब्दशः अर्थ ‘देणे’ एवढाच. हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि जर्मन भाषकांनी त्याच्यासाठी आपला देण्याचा शब्द योजला. पुढे विषाचे नाव उघड घेण्यापेक्षा ‘दिलेले’ असे मोघम बोलणे लोकांना सोयीचे वाटले असावे. आपल्याला यात नवल वाटायला नको. साप चावला असे न म्हणता ‘पान लागले’ म्हणणारी, दुकान बंद न करता ‘वाढवणारी’ आणि अंगावर उठलेल्या भयंकर फोडांना ‘देवी’ म्हणून हात जोडणारी आपली माणसे. जर्मनमध्ये विषाला ‘आयटर’ असा स्वतंत्र जुना शब्द होता; तो या उलथापालथीत घसरत घसरत जखमेतल्या पुवापर्यंत जाऊन पोहोचला, आणि आज त्याचा तेवढाच अर्थ उरला आहे.

त्या ग्रीक ‘दोसिस’चा धातू आणि संस्कृत ‘दा’ हे एकाच मुळातून आलेले आहेत. म्हणजे दान, देणे आणि इंग्रजीमार्गे आलेला आपला डोस ही एकमेकांची चुलत भावंडे ठरतात. उपदेशाचे डोस पाजणाऱ्यांचा चेहरा नेहमी दानशूराचा का असतो, याचा उलगडा मला इथे झाला. सर्व पदार्थ विषच असतात, एखादा पदार्थ विष ठरत नाही तो केवळ मात्रेमुळे, असे स्विस वैद्य पॅरासेल्सस याने १५३८ मध्ये जर्मन भाषेत लिहून ठेवले आहे. त्याच्या त्या प्रसिद्ध वाक्यात ‘गिफ्ट’ आणि ‘दोसिस’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. मुळात दोहोंचा अर्थ ‘देणे’, आणि वाक्यात मात्र एक मारणारा, तर दुसरा तारणारा.

मग जर्मन माणूस भेटवस्तूला म्हणतो तरी काय? तो म्हणतो ‘गेशेंक’. हा शब्द ‘शेंकेन’वरून आला, आणि शेंकेनचा जुना अर्थ होता पेय ओतणे, पेला भरून देणे. इंग्रजांनी नेमकी उलटी चाल केली. त्यांचा विषवाचक ‘पॉयझन’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘पेय’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे, आणि त्याचा धातू आपल्या ‘पिणे’ आणि ‘पाणी’ यांचा सख्खा नातलग आहे. एका भाषेत ओतलेले पेय भेट झाले आणि दिलेली वस्तू विष झाली. दुसरीत दिलेली वस्तू भेट राहिली आणि प्यालेले पेय विष झाले. मार्सेल मॉस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाला १९२४ मध्ये याच जोडअर्थावर छोटा लेख लिहावासा वाटला. जुन्या जर्मानिक समाजांत भेटीचा नमुना म्हणजे एकत्र घेतलेले पेय, आणि पुढे केलेल्या पेल्यात काय आहे याची खात्री पाहुण्याला कधीच नसते, असे त्याचे म्हणणे होते.

उत्तरेकडे गेले की या शब्दाला आणखी एक वळण लागते. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तिन्ही भाषांत तो विष या अर्थी आहे आणि ‘विवाहित’ या अर्थीही आहे. यावर तिकडे जे विनोद होत असतील, ते वाचकांनी आपापल्या अनुभवानुसार कल्पावेत. मला त्यातला लग्नाचा अर्थ मुळीच परका वाटला नाही, कारण ‘धाकटीला कुठे दिली?’ हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अतिप्राचीन इंग्रजीतही हा शब्द वधूमूल्यासाठी होता आणि त्याचे अनेकवचन चक्क लग्नासाठी वापरत. त्याचा उच्चार मात्र ‘यिफ्ट’सारखा होई. आजचा ठसठशीत ‘ग’ इंग्रजीला उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांकडून मिळाला असे मानतात, आणि आता त्यांच्याच स्वीडिश वंशजांच्या तोंडी तो ‘यिफ्त’ झाला आहे! आइसलँडमध्ये विषाला वेगळा शब्द आहे, आणि ‘गिफ्टा’ म्हणजे चक्क भाग्य.

आजींनी चटणी किती घ्यावी असे विचारले, तेव्हा भाचीने त्यांना जर्मन स्वयंपाकघरातले माप सांगितले: सुरीच्या टोकावर मावेल एवढी. त्यांनी लोणी लावलेल्या पावावर तेवढीच घेतली, डोळ्यांतले पाणी पुसले आणि पुन्हा सुरी बरणीत घातली. नंतर कात्रीने कागदावरचा एक सोनेरी शब्द नीट कापून त्यांनी तो बरणीला चिकटवला. भाचीने परवाच फोटो पाठवला आहे. बरणी निम्मी रिकामी झाली आहे आणि शब्द अजून जागच्या जागी आहे.