अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दफनविधी घ्यायचा म्हणजे निम्मे काम पाण्याशी झुंजण्याचे असते. जमीन जांभ्याची, वरचा थर टिकावाला दाद देत नाही आणि पहारीने फोडून चार फूट खाली गेले की कडेने पाझर सुरू होतो. म्हणून खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवायचा नाही, सकाळी खणायचा, वर ताडपत्री ताणायची आणि दोर सोडेपर्यंत दोघांनी बादल्यांनी पाणी उपसत राहायचे. पेटी पाण्यात टेकल्याचा आवाज आईबापांच्या कानांवर पडू नये, एवढ्यासाठी मी हे स्वतः उभा राहून करून घेतो. शास्त्रपाठ आणि प्रवचन यांच्याइतकेच हेही पाळकाचे, म्हणजे चर्चच्या पास्टरचे, काम आहे, असे मी मानतो.

गेल्या जुलैत आम्ही नऊ वर्षांच्या एका मुलीला माती दिली. तिला रक्ताचा कर्करोग होता. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात, आई हुबळीकडची, त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही बायबले आहेत. मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, उपास केले, आळीपाळीने दवाखान्यात रात्री काढल्या, आणि तोपर्यंत सगळे ठीक होते. अखेरच्या महिन्यांत मात्र बाहेरगावचा एक प्रार्थनागट त्या घरात येऊ लागला. मुलीच्या कपाळाला तेल लावून त्यांनी ती बरी झाल्याचे जाहीर केले. आईबापांनी उपचार थांबवले नाहीत, हा त्यांचा शहाणपणा. ती गेल्यावर त्याच गटातल्या एकाने वडिलांना सांगितले की तुमचा विश्वास कमी पडला. इतकी वर्षे दुःखाच्या घरांत जातो आहे, पण याहून क्रूर वाक्य मी ऐकलेले नाही. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे बोट दाखवून, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले होते. दोघांचेही नाही, असे उत्तर योहानाच्या नवव्या अध्यायात स्पष्ट दिलेले आहे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता, असे म्हणण्याची या मंडळींची छाती होईल काय?

दफनाच्या सकाळी वडिलांनी मला मागल्या दारी बोलावून घेतले. ते म्हणाले, “पास्टर, एक सांगतो. ‘देवाची इच्छा’ म्हणून आज कुणी बोलायचं नाही. आणि तेविसावं स्तोत्र वाचू नका. मला मेंढपाळ दिसंना झालाय.”

‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ अशी त्या स्तोत्राची सुरुवात आहे आणि आमच्याकडे ते वाचल्याशिवाय पेटी घरातून हलत नाही. एका वडीलधाऱ्या सभासदांनी तिथल्या तिथे हरकत घेतली. लोक काय म्हणतील, असा त्यांचा सूर होता. मी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढले. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे, परंतु बहुतेक विलाप शेवटी वळण घेऊन स्तुतीकडे येतात. हे स्तोत्र येत नाही. त्याच्या अठरा ओवींत रात्रंदिवस हाक मारणारा एक माणूस आहे, आपले मुख माझ्यापासून का लपवतोस, असे तो देवाला तोंडावर विचारतो आणि शेवट अंधारातच होतो. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेले आहे आणि त्याची पहिलीच हाक तारण करणाऱ्या देवाला आहे. ज्याला मेंढपाळ दिसत नाही, त्याच्या तोंडी घालायला देवाच्याच ग्रंथात शब्द आहेत, हे त्या बापाला त्या दिवशी कळणे मला अगत्याचे वाटले.

मी एक ओवी मराठीत वाचायचो आणि मुलीचे मामा तीच कन्नडमध्ये. निम्म्यावर आलो असताना, दवाखान्यापासून एकदाही न रडलेली आई पेटीवर पडून मोठ्याने रडू लागली. दोन वयस्क बायका तिचे खांदे धरून “गप, गप, ती प्रभूकडे गेली” म्हणू लागल्या. मी वाचन थांबवले आणि त्यांना हात काढायला सांगितले. आपण मेलेल्या लाजराला थोड्याच वेळात जिवंत उठवणार, हे येशूला ठाऊक होते, तरी त्याच्या कबरीकडे निघताना तो रडला. पुनरुत्थानाची खात्री असलेल्या माणसाने रडू नये, हा नियम आपण कुठून आणला? तिचे रडणे ओसरेपर्यंत सगळे उभे राहिले, मग राहिलेल्या ओव्या वाचल्या. करिंथकरांस पहिल्या पत्राचा, मेलेल्यांच्या पुनरुत्थानाविषयीचा, पंधरावा अध्याय मी कबरीपाशी वाचला, तो वगळण्याचा विचारही मनात आला नाही. मरणावर ख्रिस्ताने जय मिळवला आहे, यावर माझे सगळे जगणे उभे आहे. पण ते वाक्य कुणाचे तोंड बंद करण्यासाठी वापरायचे नसते.

वडील अजून उपासनेला येत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी पाळी सुटल्यावर मात्र माझ्याकडे येतात आणि आम्ही बायबलमधले ईयोबाचे पुस्तक वाचतो. ईयोब हा नीतिमान माणूस, तरी त्याच्यावर संकटे कोसळतात. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री मुकाट्याने जमिनीवर बसले होते, तिथे ते म्हणाले, “तेवढंच बरं केलं बघा त्यांनी.” शेवटी देव कारण सांगतो का, असे त्यांनी मला आधीच विचारून घेतले. मी सांगितले की नाही. देव वावटळीतून बोलतो, कारण सांगत नाही, पण शेवटी दोष देतो तो सारखी कारणे सांगणाऱ्या मित्रांना, आणि ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला असे म्हणतो. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पुढे वाचा म्हणाले. याला सांत्वन म्हणायचे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तो प्रार्थनागट पुन्हा येणार आहे आणि सभेसाठी त्यांनी मंडळीचे सभागृह मागितले आहे. कमिटीत दोन तट पडले आहेत. मी माझा नकार लेखी दिला आहे आणि त्या घरी काय बोलले गेले, ते त्यात शब्दशः नोंदवले आहे.