खटक्यापासून झाकणापर्यंत: तीन मीटरचा प्रवास

पेट्रोलचा काटा खाली आलाय, गाडी पंपावर लावलीय, टाकीचं बाहेरचं झाकण उघडणारा सीटशेजारचा खटका ओढला आणि मागे काहीच हाललं नाही. जुनी गाडी घेऊन लांब पल्ल्याला निघणाऱ्याच्या वाटेत हा थांबा कधी ना कधी येतोच. इथून पुढचा प्रवास रस्त्यावरचा नाही, गाडीच्या पोटातला आहे. चालकाच्या सीटखालून निघणारी एक पोलादी तार उंबऱ्याच्या पट्टीखालून, मागच्या सीटच्या कडेने, डिकीच्या भिंतीमागून टाकीच्या झाकणापर्यंत जाते. सगळी वाट दोन ते तीन मीटरची. मी तिच्या मागे मागे जातो, कारण झाकण अडकलं असं आपण म्हणतो तेव्हा अडचण झाकणापाशीच असेल असं नाही. हाताने दिलेली ओढ वाटेत कुठेतरी हरवलेली असते. कुठे, ते कळण्याआधी फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला तर झाकण वाकतं, रंगाचे टवके उडतात आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

निघण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घेतो. हे काम पेट्रोलच्या वाफांजवळ चालणार आहे. इंजिन बंद, सिगारेट नाही, लायटरच्या उजेडात बघणं नाही, ड्रिल किंवा ग्राइंडर तर अजिबात नाही. डिकीचं अस्तर उघडायचं असेल तर गाडी पंपापासून लांब, सपाट जागी नेतो. पंपावर करायचं काम तेवढं एकच, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

ते काम दोघांचं आहे. एकाने खटका ओढून तसाच धरून ठेवायचा, सोडायचा नाही. दुसऱ्याने झाकणाच्या बिजागरीसमोरच्या कडेवर तळहाताने आत दाबायचं आणि झटकन हात काढायचा. असं तीन-चार वेळा. यामागे कारण आहे. झाकणामागच्या वाटीसारख्या खळग्याच्या भिंतीतून एक जीभ बाहेर आलेली असते, ती झाकणाच्या आतल्या आकड्याला अडवून धरते. रबरी ठोकळा किंवा स्प्रिंग आतून झाकणाला बाहेर रेटत असते, म्हणून जिभेवर सतत दाब राहतो. धूळ, चिखल, गंज साचला की या दाबाखाली जीभ सरकेनाशी होते. झाकण आत दाबलं की दाब सुटतो आणि जीभ मोकळेपणाने मागे जाते. नाक दाबलं की तोंड उघडतं, ते इथे शब्दशः खरं आहे. एकटं असाल तर खटका वर ओढून त्याच्याखाली लाकडाचा तुकडा किंवा घट्ट गुंडाळलेला कपडा अडकवा आणि मागे जा.

एवढ्यानेही उघडलं नाही तर मी खटक्यापाशी बसतो. इथे डोळ्यांपेक्षा हात जास्त सांगतो. खटका नेहमीसारखा ताणून येतो, सोडला की परत जातो, पण झाकण हालत नाही: तार शाबूत आहे, गडबड झाकणाच्या टोकाला आहे. खटका ढिला, हातात येतोय, काहीच ओझं लागत नाही: तार तुटली आहे किंवा टोकाची गोळी खाचेतून निसटली आहे. खटका दगडासारखा घट्ट: तार तिच्या नळीसारख्या आवरणात गंजून धरली आहे, किंवा मागची जीभच जाम झाली आहे. हा तिसरा प्रकार असेल तर जोर लावू नका. खटका बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो, तो मोडला तर एका बिघाडाचे दोन होतात.

पुष्कळ गाड्यांत डिकीचा आणि टाकीचा खटका एकाच पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेला असतो. डिकी नीट उघडत असेल तर ती पट्टी आणि तिचे बोल्ट जागेवर आहेत, शोध फक्त टाकीच्या तारेचा. खटक्यावरचं प्लास्टिकचं कव्हर एखाद-दुसऱ्या स्क्रूने किंवा नुसत्या क्लिपांनी बसलेलं असतं. ते काढलं की तारेचं टोक दिसतं: धातूची छोटी गोळी किंवा दंडगोल खाचेत बसवलेला, आणि त्याच्या पुढे आवरणाचं टोक पत्र्याच्या कंसात अडकवलेलं. इथे टॉर्चच्या उजेडात नीट बघा. तार तुटते ती बहुतेकदा इथेच, गोळीच्या अगदी मागे, जिथे प्रत्येक ओढीला तिला बाक येतो. ती एकसंध नसते, बारीक तारांची वेणी असते. एकेक धागा तुटत जातो, तुटलेले धागे उभे राहून ब्रशसारखे दिसतात आणि बोटाला टोचतात. शेवटचे दोन-तीन धागे उरले की खटका ओढल्यावर ताणतात आणि मग ओढ पुढे पोचत नाही.

तार इथेच तुटली असेल तर बाहेर आलेला शेंडा चिमट्याच्या पक्कडीत घट्ट धरून सरळ रेषेत ओढायचा. दुसऱ्या हाताने आवरण जागेवर धरायला विसरू नका, नाहीतर तार आणि आवरण दोन्ही एकत्र सरकतात आणि मागे काहीच पोचत नाही. याचाच एक भाऊबंद असलेला बिघाड सहज चुकतो: तार धडधाकट, पण आवरणाचं टोक कंसातून निसटलेलं. ते परत खाचेत बसवलं की काम झालं. तार वर्षानुवर्षांत ताणून ढिली झाली असेल तर आवरणाचं टोक आणि कंस यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, कडेला चीर दिलेला वॉशर सरकवतो. आवरण तेवढं पुढे सरकतं, ढिलाई भरून निघते आणि जीभ पुन्हा पूर्ण मागे जाते. हा इलाज तात्पुरता म्हणून केला तरी बराच काळ टिकतो.

मधल्या वाटेवर फारसं घडत नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर उचलली, गालिचा बाजूला केला की तार वायरींच्या जुडग्याबरोबर मागे जाताना दिसते. बघायचं ते एवढंच: कुठे सीटच्या बोल्टखाली चेपली आहे का, आणि उंबऱ्यात पाणी साचून आवरण फुटलं आहे का. आवरण फुटलं की आतली तार गंजते आणि घट्ट खटक्याचं मूळ बऱ्याचदा तिथे सापडतं.

खरा मुक्काम डिकीत आहे. झाकण ज्या बाजूला आहे त्या बाजूचं अस्तर उघडायचं. काही गाड्यांत त्यात लहान खिडकी ठेवलेली असते, तिच्या आत दोरी, कडी किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी लटकत असते. ती खास याच प्रसंगासाठी दिलेली आपत्कालीन ओढ. तशी खिडकी आहे का, हे आधी गाडीच्या पुस्तिकेत बघावं. नसेल तर अस्तराच्या क्लिपा काढायच्या. मधला खिळा असलेल्या क्लिपा आधी खिळा वर करून मग उचलायच्या. रेटून ओढल्या तर पाय तुटतात, आणि जुन्या गाडीचं प्लास्टिक थंडीत विशेष ठिसूळ असतं. अस्तर पूर्ण काढायची गरज नसते, हात आणि टॉर्च आत जाईल एवढं वाकवलं की पुरतं.

आत टाकीकडे उतरणारी भरणनळी दिसते. तिच्या शेजारी, खळग्याच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या भिंतीला बाहेरून चिकटलेला अंगठ्याएवढा एक भाग असतो आणि त्याला तार येऊन मिळते. जीभ याच भागात असते; याला मी अडकवा म्हणतो. त्याच्या मागच्या टोकाला तार जिथे जोडली आहे, तिथे पक्कडीने धरून तारेच्या दिशेने, म्हणजे खळग्यापासून दूर, सरळ ओढायचं. तिरकं ओढलं तर प्लास्टिकची जीभ भोकात आडवी होऊन मोडते. ओढताना बाहेरच्या माणसाने झाकण दाबून सोडायचं, पंपावर केलं तसंच. बहुतेक वेळा टक्कन आवाज येतो आणि झाकण बोटाच्या पेराएवढं पुढे येतं.

तरी जीभ हालली नाही तर तिच्याभोवती गंज सोडवणाऱ्या स्प्रेची बारीक नळी लावून थोडासा फवारा मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. घाई इथेच नडते. त्याहूनही हट्टी असेल तर सगळा अडकवाच बाहेर काढता येतो. अनेक गाड्यांत तो पाव फेरा फिरवून खाचेतून सुटतो, काहींत नट किंवा दोन स्क्रू असतात. तो निघाला की जीभही त्याच्याबरोबर मागे येते आणि झाकण मोकळं होतं. डिकीतून हात पोचत नसेल तर त्या बाजूचा मागचा दिवा काढून बघतो. दोन-तीन स्क्रू किंवा 8 अथवा 10 मिलिमीटरचे नट असतात, आणि काही गाड्यांत त्या पोकळीतून अडकव्यापर्यंत वाट मिळते.

बाहेरून उघडायचा मार्ग मी शेवटी ठेवतो, पण तो आहे. घरातल्या दाराच्या स्प्रिंगच्या लॅचसारखी या जिभेची एक बाजू तिरपी असते, म्हणून झाकण नुसतं ढकललं तरी बंद होतं. तोच उतार आपल्या कामाला येतो. जुनं, लवचिक प्लास्टिकचं कार्ड बिजागरीच्या समोरच्या फटीतून, जिभेच्या उंचीवर आत सारायचं आणि आत दाबत हलकेच वर-खाली करायचं. जीभ लागली की कार्ड थबकतं, मग त्याच जागी थोडा जोर. आजूबाजूच्या रंगावर आधी दोन थर कागदी चिकटपट्टी लावून घ्या. लोखंडी पातं वापरू नका आणि झाकण उचकटू नका. बाकदार झाकण एकदा वाकलं की पुन्हा पत्र्याला समतल बसत नाही, आणि बिजागरी प्लास्टिकची असेल तर ती सरळ मोडते.

थंड मुलखात झाकण बर्फाने चिकटलेलं असतं, तेव्हा यातलं काहीच करू नका. चारी कडांवर तळहाताने दाबून बर्फाची कड फोडा किंवा बर्फ वितळवणारा अल्कोहोलचा स्प्रे मारा. उकळतं पाणी नको. ते खळग्यात उतरतं, पुन्हा गोठतं आणि जीभही गोठवतं.

खटका नसलेल्या गाड्यांची वाट वेगळी. त्यांत झाकण दाबलं की उघडतं आणि दारांच्या मध्यवर्ती लॉकबरोबर एक छोटी मोटर पिन आत-बाहेर करते. आधी सगळी दारं पुन्हा लॉक-अनलॉक करा आणि दुसऱ्याने झाकणाला कान लावून ऐका. मोटरचा आवाज येतोय पण पिन हलत नाही, तर पिन जाम आहे: झाकण दाबून धरत पुन्हा अनलॉक करा. आवाजच नाही, तर आधी फ्यूज बघा, मग मोटरपर्यंत जाणारी वायर. गाडीची बॅटरी उतरली असेल तर ती चार्ज करेपर्यंत मोटर हलणार नाही, आणि अशा वेळी डिकीतल्या त्याच आपत्कालीन ओढीकडे जायचं.

झाकण उघडलं की पेट्रोल भरा, पण झाकण पुन्हा पूर्ण बंद करू नका. वाफ अडवण्याचं काम आतल्या फिरकीच्या टोपणाचं आहे, बाहेरचं झाकण धूळ-पावसाला आडोसा. त्यामुळे टोपण घट्ट लावून झाकण चिकटपट्टीने धरलं तरी मुक्कामापर्यंत जाता येतं.

मुक्कामाला पोचल्यावर मी पहिल्यांदा खळग्याच्या तळाशी बोट फिरवतो. तिथे पाणी जाण्याचं लहान भोक असतं, त्याला बऱ्याच गाड्यांत रबरी नळी जोडलेली असते. ते चिखलाने बुजलं की प्रत्येक पावसाचं पाणी खळग्यात तुंबतं आणि बिजागरी, स्प्रिंग, जीभ तिन्ही गंजतात. कितीतरी अडकलेल्या झाकणांचं मूळ हेच असतं, आणि कोणी तिकडे बघत नाही. भरणनळीचं टोपण लावलेलं ठेवून मऊ प्लास्टिकच्या तारेने भोक मोकळं करायचं, वरून थोडं पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतंय ना बघायचं. मग बिजागरीला गंज सोडवणारा स्प्रे, पुसून झाल्यावर जिभेला आणि बिजागरीला सिलिकॉन किंवा पांढरं लिथियम ग्रीस. नुसत्या स्प्रेवर थांबू नका, तो उडून जातो. झाकणाला बाहेर रेटणारी पट्टीची स्प्रिंग मलूल झाली असेल तर चिमट्याच्या पक्कडीने किंचित बाहेर वाकवायची. रबरी ठोकळा आट्यांचा असेल तर एक-दोन फेरे बाहेर काढायचा.

तार बदलायची असेल तर जुनी ओढून काढण्यापूर्वी तिच्या टोकाला मजबूत नायलॉनची दोरी बांधा. तार ज्या वाटेने निघते त्याच वाटेने दोरी आत जाते आणि नवी तार तिच्या मागोमाग, पुष्कळदा गालिचा न उचलता, जागेवर येते. त्याच दोरीचा हातभर तुकडा अडकव्याच्या मागच्या टोकाला बांधून अस्तराच्या कडेतून डिकीत बाहेर काढून ठेवतो. तीन-चार वेळा खटक्याने, मग एकदा त्या दोरीने झाकण उघडून बघतो, आणि तेव्हाच अस्तराच्या क्लिपा परत दाबतो.