आधी पत्रा, मग इंजिन

बाबांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी डिचोलीच्या घरी ताडपत्रीखाली पडून होती, ती मी घरीच दुरुस्त करायला घेतलीय हे कळल्यापासून जो तो एकच विचारतो, इंजिन सुरू झालं का? अहो, इंजिन हा त्यातला सोपा भाग. १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, ना सेन्सर ना काही. स्पार्क येतोय का, पेट्रोल येतंय का, कॉम्प्रेशन आहे का, एवढं बघायचं. पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) साफ करून फीलर गेजने, म्हणजे जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, गॅप लावायला कोणीही एका दुपारी शिकतो.

गोव्यात गाडी मरते ती गंजाने. आमच्या इथले म्हातारे मेस्त्री पहिल्या दिवशीच म्हणाले, "इंजिन खंय पळून वचना रे, पयलीं सकयल पळय." (इंजिन कुठे पळून जात नाही, आधी खाली बघ.) म्हणून गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरू नका, प्लीज), मॅटिंग उपटलं आणि लोहचुंबक घेऊन फिरलो. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) आहे. असं बरंच सापडलं, आधीच्या कुठल्यातरी डेंटिंगवाल्याने भोकं बुजवून वर मस्त रंग मारलेला. रंगाला फोड दिसला की समजायचं की आतून काम झालंय, कारण गंजलेलं लोखंड मूळ पत्र्यापेक्षा जास्त जागा घेतं आणि रंग वर उचलतं.

सगळ्यात वाईट हाल दारांच्या खालच्या कडांचे. तिथे पाणी जायला बारीक भोकं असतात, ती पाला-मातीने बुजतात, मग काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी दारातच साचून राहतं. पाच मिनिटं लागतात तारेने ती भोकं मोकळी करायला, पण कोणी करत नाही. तुमची गाडी नवी असली तरी आज करा.

कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, वरून ठिगळ चिकटवायचं नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही बाहेर, आणि टाके एकमेकांपासून अंतर ठेवून मारायचे, एका दमात ओढलं तर पत्रा तापून वाकतो. हे मी मेस्त्रींच्या शेजारी बसून शिकतोय, माझे टाके अजून बघवत नाहीत ते सोडा.

आणि हे सगळं कधी करायचं हे इथे पाऊस ठरवतो. पत्रा आणि रंग दिवाळी ते शिगमो (होळीच्या सुमाराचा आमचा सण), बस्स. दमट हवेत रंग पांढुरका पडतो, आणि साधा प्रायमर ओल शोषतो, त्यामुळे नुसता प्रायमर मारून गाडी जूनमध्ये उघड्यावर ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने गंज लावणं. जून ते चवथ (गणेश चतुर्थी) टेबलावरची कामं, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, ब्रेकचे सिलिंडर.

पेट्रोलचं वेगळंच लफडं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते जुन्या रबरी पाइपांना झेपत नाही, शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. चार महिने उभ्या गाडीत ते ठेवलं की टाकी आतूनही गंजायला लागते. पाइप सगळे नवीन टाकले, टाकी पावसात रिकामी करून ठेवतो.

पार्ट्स मुंबईहूनच. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे इतकी वर्षं तिथे सगळं मिळायचं. पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा माल आता कमीच होणार. व्हिंटेजची 'व्हीए' नंबरप्लेट ५० वर्षांनंतर, म्हणजे मला २०३२ पर्यंत थांबायचंय, तोवर आरटीओत दर पाच वर्षांनी नेहमीसारखंच नोंदणीचं नूतनीकरण.

सध्या ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर झालाय. दुसरी बाजू शिगमोच्या आत व्हायला हवी, मेस्त्रींची तारीख मिळाली तर.